बाईंच्या गाडीची कुरकुर

मामाच्या गॅरेजमधून बाहेर पडलेली गाडी ब्र काढत नाही. हे तो स्वतः कधी म्हणत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, आणि तो खाली मान घालून पाना पुसत ऐकतो. दार लोटलं तर लागल्याचं हाताला कळतं, कानाला नाही. काच खाली घ्या, सीट मागे सरकवा, गल्लीच्या तोंडाशी उखडलेल्या रस्त्यावरून न्या, गाडी गप्प. एका गिऱ्हाइकाने एकदा तक्रार केली, "मामा, एवढी गप्प केलीत की मागे बसलेली सासू पुटपुटते तेही आता ऐकू येतं." ही तक्रार मामा गेली आठ वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

गॅरेज म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि मधोमध माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा. गाडी खड्ड्यावर घ्यायची, मामा तीन पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली उभा राहतो, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतो आणि टोक इंजिनाला. डोळे मिटतो. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मागच्या भिंतीत एक दार आहे, ते थेट मामीच्या स्वयंपाकघरात उघडतं. दाराला उंबरठा, उंबरठ्यावर पायपुसणं. ते ओलांडून ग्रीसचा एक ठिपका आत आला तर काय होतं, हे मामाने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात पाहून घेतलं आहे.

त्या दाराशेजारी खिळ्याला तेलाची एक पितळी बुधली टांगलेली असते, लांब वाकड्या चोचीची. ती आजोबांची. आजोबा घरोघरी जाऊन शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. मशीन सुरळीत चालू लागलं की निघताना न विचारता त्या घरातल्या दाराच्या बिजागऱ्या, पाळण्याच्या कड्या, पोरांच्या तीनचाकीचा आस, जे जे फिरतं त्याला दोन दोन थेंब सोडून यायचे. "कोरडं काही फिरू द्यायचं नाही," एवढंच त्यांनी मुलाला शिकवलं. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात खोलीतला पंखा कुरकुरत होता. मामा स्टुलावर चढला, पंखा थांबवून बुधलीने दोन थेंब सोडले. पंखा गप्प झाला. आजोबा म्हणाले, "आता झोप लागेल." तेव्हापासून मामाला कुठलीही कुरकुर सहन होत नाही. मामी म्हणते, "माझी सोडून. माझ्या कुरकुरीला यांच्याकडे तेल नाही."

मामाची थोरली बहीण, माझी मावशी, ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे एक गाडी, छतावर पिवळी पाटी, आणि शेजारच्या सीटखाली मावशीसाठी बसवलेले जादा ब्रेक आणि क्लच. गावातले लोक तिला बाई म्हणतात. वय एकसष्ट. ओरडत नाही, घाबरत नाही, शिकणाऱ्याने चूक केली की फक्त ब्रेक दाबते आणि खिडकीबाहेर बघत राहते, जणू ब्रेक तिने नाही, कुणा तिसऱ्यानेच दाबला. मामाला गाडी चालवायला तिनेच शिकवलं. छप्पन्न वर्षांच्या, पांढऱ्या मिशांच्या त्या माणसाला ती अजून छोट्या म्हणते, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

बावीस वर्षांत मावशीच्या गाडीला मामाखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मागच्या वर्षी तिची जुनी गाडी अखेर बसली आणि तिने वापरलेली पण धडधाकट दुसरी घेतली. मामाने तीन दिवस ती खड्ड्यावर ठेवून तिचा एकेक आवाज काढला. दारांना मेण, बिजागऱ्यांना तेल, सीटच्या रुळांना ग्रीस. पुढच्या बाजूला बॅलन्स रॉडचे बुश कोरडे कुरकुरत होते, त्यांनाही ग्रीस. गाडी परत करताना तो म्हणाला, "ने. हिला आता तोंड नाही."

बॅलन्स रॉड म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. गाडीच्या पुढच्या भागाखाली एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत बोटभर जाडीचा पोलादी दांडा आडवा असतो, दोन्ही टोकांना वाकवलेला. वळणावर गाडी एका अंगावर कलंडायला लागली की हा दांडा पिळवटतो आणि तिला सावरतो. दांड्याला गाडीशी बांधून ठेवतात ते दोन रबरी बुश. रबराच्या मुठीच म्हणायच्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्रत्येकावर दोन बोल्टांनी आवळलेली लोखंडी पट्टी.

दोन महिन्यांनी गाडीला तोंड फुटलं.

मी तेव्हा मावशीकडे गाडी शिकत होते. घरची म्हणून माझा नंबर शेवटचा, तोवर मागच्या सीटवर बसून राहायचं. वीटभट्टी बंद पडल्यावर मोकळं झालेलं एक मैदान आहे, तिथे मावशी सगळ्यांना गोल फिरवते. स्टिअरिंगवर त्या दिवशी निवृत्त पोस्टमन होते. चाळीस वर्षं सायकल चालवलेली असल्यामुळे ते वळताना इंडिकेटर लावून शिवाय खिडकीतून हात बाहेर काढायचे. त्यांनी हात काढला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि खालून आवाज आला. टक.

"मी काही केलं नाही," पोस्टमन म्हणाले.

"तुम्ही काही केलंत असं कुणी म्हटलं का?" मावशी म्हणाली. "पुन्हा वळवा."

टक.

संध्याकाळी गाडी खड्ड्यावर. मामा खाली उतरला, बॅटरी मारली आणि हाताने दांडा चाचपला. मग म्हणाला, "रॉड सरकलाय. दोन बोटं डावीकडे. वळलं की त्याचा वाकडा भाग तिकडच्या चाकाजवळ आपटतोय."

"सरकला म्हणजे? पाय आहेत का त्याला?" मावशीने वरून विचारलं.

"बुश झिजले असतील."

त्याने बुश बदलले, दांडा मधोमध आणला, नव्या बुशांना आतून भरपूर ग्रीस लावलं आणि पट्ट्या आवळल्या. गाडी गप्प झाली. बाराव्या दिवशी पुन्हा, टक.

या वेळी त्याने दांड्यावर दोन्ही बुशांना चिकटून पोलादी क्लिपा आवळल्या. पाइपावर आवळतात तशा, म्हणजे दांडा सरकू लागला तर क्लिप बुशावर अडेल. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली. मामालाही वाटली असावी, कारण त्याने मामीला मुद्दाम बोलावून दाखवली. मामी खड्ड्याच्या काठावर वाकून म्हणाली, "छान. आता ही क्लिप सरकू नये म्हणून कुठली क्लिप लावणार?"

मामा हसला. दहाव्या दिवशी दांडा क्लिपांमधून निसटून दोन बोटं डावीकडे गेलेला होता.

त्या दिवशी मावशी गाडीतून उतरली नाही. इंजिन बंद करून, काच खाली करून म्हणाली, "छोट्या, पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी गाडी पासिंगला न्यायची आहे. तपासणारा माणूस खाली वाकून बघतो. वाजली तर पाटी उतरवावी लागेल. नऊ जण शिकतायत माझ्याकडे."

"होईल गं."

"तीनदा झालं. चौथ्यांदा वाजली तर मी गाडी काचेच्या वर्कशॉपमध्ये नेणार."

काचेचं वर्कशॉप म्हणजे मोठ्या रस्त्यावर नुकतंच उघडलेलं गॅरेज. तिथे गाडी काचेपलीकडे असते, गिऱ्हाईक सोफ्यावर. मेकॅनिकच्या अंगावर पांढरा डगला. मावशी हे रागाने म्हणाली असती तर मामाने हसण्यावारी नेलं असतं. पण ती अगदी साधेपणाने, जड झालेली पिशवी दुसऱ्या हातात घ्यावी तशी बोलली. मामाच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्याला कुठे लागलं. बावीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी दोनदा छोटा हॉर्न वाजवून आत येणारी ती पिवळी पाटी दुसरीकडे वळणार.

त्या दिवशी जेवताना त्याने मीठ मागितलं आणि दिल्यावर घ्यायचं विसरला. मामी म्हणाली, "अहो, ताटात बघा. रॉड नाहीये तिथे."

"नेहमी डावीकडेच का जातो?" मामा म्हणाला.

मग तो माझ्याकडे वळला. "काय गं, ताई मैदानात कुठल्या बाजूने फिरवते?"

मी डोळ्यांसमोर मैदान आणलं. फाटक, विटांचा ढीग, पाण्याची टाकी. "उजवीकडून."

"आणि डावीकडून?"

"डावीकडून कधीच नाही."

मामाने ताटातला हात उचलला. त्याचा चेहरा उजळला तो बघण्यासारखा होता. उजवीकडे वळताना गाडीतली प्रत्येक वस्तू डावीकडे ढकलली जाते. आम्ही मागे बसलेले डावीकडे कलतो, पाण्याची बाटली डावीकडे गडगडते. दिवसाला दीडदोनशे चकरा, सगळ्या उजव्या. दांडा तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी तो स्वतः मैदानावर गेला. गाडी नीट करायला मैदानावर तो पहिल्यांदाच आला होता, म्हणून मावशीने त्याला पाहताच विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

"तू उजवीकडूनच का फिरवतेस?"

मावशीने क्षणभर विचार केला. "पहिल्या वर्षी एका मुलीने डावीकडे वळताना रखवालदाराच्या फुलझाडांवर गाडी घातली होती. तेव्हापासून."

"तो रखवालदार आहे का आता?"

"भट्टीचं उरलंसुरलं सामान हललं, तसा तोही गेला. फुलझाडंही नाहीत."

"बावीस वर्षं तू नसलेल्या फुलझाडांना वळसा घालतेयस, ताई." मामाला आता चांगलाच जोर चढला. "म्हणून या गावात कुणाला धड डावीकडे वळता येत नाही. परवा तो तुझ्याकडे शिकलेला दंतवैद्य माझ्याकडे यायला तीनदा उजवीकडे वळून आला, मी पाहिलंय. आणि गाडी वाजली की दोष माझा!"

मावशीने ओठ आवळले. पोस्टमन स्टिअरिंग धरून समोर बघत होते, पण कान इकडे होते. "ठीक आहे," ती म्हणाली. "रॉड मधोमध आण. आठ दिवस डावीकडून फिरवते. मग बघू."

ते आठ दिवस मैदानाने फार सोसलं. सगळ्यांचे हात उजवीकडे जायला शिकलेले. शिकणाऱ्यांत एक नर्सबाई होत्या, त्या डावीकडे वळायचं म्हटलं की आधी थोडं उजवीकडे जाऊन यायच्या. पोस्टमननी उजवा हात बाहेर काढून डावीकडे वळवली आणि विटांचा ढीग वीतभर अंतरावर आला. मावशीने ब्रेक दाबला आणि खिडकीबाहेर बघितलं. तिलाही डावीकडच्या चकरा जड जात होत्या. तिचा पाय ब्रेकवर एक क्षण आधीच जायचा. पण तिने एकदाही उजवीकडून चक्कर घेऊ दिली नाही. संध्याकाळी गाडीतून उतरताना कंबर धरायची आणि म्हणायची, "वय झालं की डावं-उजवं बदलू नये."

मामा त्या आठ दिवसांत शीळ घालत काम करत होता.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, गल्लीच्या तोंडाशी दोन छोटे हॉर्न झाले. गाडी आत येताना वळली आणि मामाने हातातला पाना खाली ठेवला. टक.

मामा खड्ड्यात उतरला. मी वरून वाकून पाहिलं. दांडा दोन बोटं सरकला होता. उजवीकडे.

"काय म्हणतो?" मावशीने विचारलं. तिच्या आवाजात विजय होता, पण तिला तो नकोसा असावा, कारण तिने पुढे काहीच जोडलं नाही.

"उजवीकडे गेलाय."

"मग? आता काय सरळ चालवू? मैदान संपेल की रे."

"ठेव गाडी," मामा म्हणाला. "उद्या सांगतो."

मावशी पायी घरी गेली. जाताना पिवळ्या पाटीवरची धूळ तिने पदराने पुसली. एरवी ती असं काही करत नाही.

मामा खड्ड्यातच उभा राहिला. उजवीकडून फिरवलं तर डावीकडे जातो, डावीकडून फिरवलं तर उजवीकडे. दांडा सरळ आहे, वाकलेला नाही. दोन्ही टोकं चाकांशी जोडणारे दुवे सारख्या लांबीचे आहेत, त्याने दोनदा मोजले. बुश नवे. पट्ट्या घट्ट. तो पट्टी सोडवून एक बुश हातात घेऊन वर आला. उजेडात बघायचा म्हणून दाराकडे चालला आणि बघता बघता त्याचा पाय सुटला.

बुश काढताना ग्रीसचा एक गोळा पायरीजवळ पडला होता. त्यावर त्याची रबरी चप्पल पडली. एक पाय पुढे, एक मागे, एका हाताने त्याने गाडीचा आरसा पकडला, दुसऱ्या हातातला बुश मात्र सोडला नाही. मामी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती.

"लागलं का?" तिने आधी विचारलं. नाही म्हटल्यावर हसली. "सगळ्या जगाला सांगता, तेलावर भुसा टाका, रबर तेलावर उभं राहत नाही. आणि स्वतः?"

मामा आरसा धरून तसाच उभा होता. त्याने चप्पल काढली. उलटी केली. तळ काळा, चकचकीत. मग दुसऱ्या हातातल्या बुशाकडे बघितलं. तोही आतून काळा, चकचकीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"पुन्हा म्हण," तो मामीला म्हणाला.

"काय?"

"काय म्हणालीस ते."

"रबर तेलावर उभं राहत नाही. तुमचंच आहे, माझं नाही."

तो एका पायात चप्पल घालून पिंपावर बसला. बुश त्याने अंगठ्याने दाबला. रबर नवं होतं तरी फुगलं होतं, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं मऊ. त्याने फडक्याने बुशाचा एक कडेचा भाग कोरडा करून दांड्यावर घासला. धरला. मग ग्रीस लागलेली बाजू घासली. सुळकन गेला.

पुढचं त्याने मला समजावून सांगितलं, पण खरं तर तो स्वतःलाच सांगत होता. जुन्या गाड्यांच्या रॉडवर बुशाशेजारी एक उंच कडं असतं. ग्रीस लावा, तेलात बुडवा, कडं त्याला सरकू देत नाही. तीस वर्षं तो ग्रीस लावत आला, तीस वर्षं चाललं. मावशीच्या जुन्या गाडीला ते कडं होतं. या गाडीला नाही. इथे दांड्याला जागेवर ठेवतं ते फक्त रबर, तेही कोरडं असेल तरच. तो दांडा डावीकडे जात नव्हता आणि उजवीकडेही नाही. जिकडे ढकलाल तिकडे जात होता, कारण त्याला धरलेलंच कुणी नव्हतं.

"आणि मी ताईला डावीकडून फिरायला लावलं," तो म्हणाला. "आठ दिवस."

त्याने खिळ्यावरच्या बुधलीकडे पाहिलं. मामीनेही पाहिलं. ती पायपुसणं ओलांडून गॅरेजमध्ये आली. ती सहसा येत नाही. त्याची दुसरी चप्पल उचलून तिने त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "साबणाचं पाणी आणू का?"

दुपारी त्याने दांडा पूर्ण खाली उतरवला. साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुतला, बुश बसायच्या जागी बारीक पॉलिश पेपरने घासला, कोरड्या फडक्याने पुसला आणि पत्र्याबाहेर उन्हात ठेवला. नवे बुश आणले ते खिशात वेगळ्या फडक्यात गुंडाळून, जणू हाताचीही भीती होती. बसवण्याआधी हात धुवून आला. मीही धुतले, कारण मला बोल्ट धरायचे होते. दोन्ही बाजूंची अंतरं टेपने मोजली, एकदा त्याने, एकदा मी. चारही चाकं जमिनीवर, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर आल्यावरच त्याने पट्ट्या शेवटच्या आवळल्या. मग पांढऱ्या रंगाच्या छोट्या डबीत काडी बुडवून बुशाच्या कडेला दांड्यावर एक बारीक रेघ काढली. दुसरी दुसऱ्या बुशाशेजारी.

"रेघ बुशापासून लांब दिसली तर समजायचं, सरकला," तो म्हणाला.

गाडी खड्ड्यावरून काढली. फाटकाच्या पन्हळीवरून पुढचं चाक उतरलं आणि खालून आवाज आला.

कुर्र.

मामाने गाडी थांबवली. मागे घेतली, पुन्हा पुढे. कुर्र. नवं, कोरडं रबर पोलादावर पिळवटलं की करतं तेवढाच बारीक आवाज. माझ्या लक्षातही आला नसता. मामाच्या कपाळावर मात्र आठ्या. तो उतरला, दोन पावलं आत गेला आणि त्याचा हात खिळ्याकडे गेला. बुधली तिथे नव्हती.

"अगं, बुधली कुठाय?"

"माझ्याकडे," मामी आतून म्हणाली. "गुरुवारी देईन."

सोमवारी सकाळी तो गाडी घेऊन मैदानावर गेला. मी मागे. मावशी विटांच्या ढिगावर रुमाल टाकून बसली होती, पोस्टमन आणि नर्सबाई शेजारी उभे. मामाने चावी तिच्या हातात दिली आणि तिथेच उभा राहिला.

"ताई, माझी चूक होती."

"काय?"

"ऐकू आलं तुला."

"आलं. पण छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा आलं, म्हणून खात्री करून घेतेय."

पोस्टमन आकाशाकडे बघू लागले. मामाने सगळं सांगितलं. ग्रीस, रबर, कडं नसलेला दांडा, चप्पल. काही लपवलं नाही, पहिल्या तीन दिवसांत आवाज काढायच्या नादात आपणच ते ग्रीस लावलं होतं हेही. "तू उजवीकडून फिरव की डावीकडून, तुझा काही संबंध नव्हता," तो म्हणाला. "आणि एक आहे. ती आता थोडी कुरकुरेल. मला ते बंद करता येणार नाही. बंद केलं तर रॉड सुटेल."

मावशीने चावी बोटाभोवती फिरवली. "कुरकुरेल म्हणजे किती?"

"थोडी. खड्ड्यातून गेलं की."

"जागेवर राहील?"

"राहील."

"मग कुरकुरू दे," मावशी म्हणाली. "मी काय कमी कुरकुर करते? पण कधी जागा सोडली का?"

मामाने मान वळवून उगाच मैदानाकडे बघितलं. मग दोघंही गाडीत बसली, ती स्टिअरिंगवर, तो तिच्या जागी, जादा ब्रेकवर पाय ठेवून, आणि त्यांनी चार चकरा मारल्या. दोन उजव्या, दोन डाव्या. आम्ही तिघं विटांजवळ उभे राहून ऐकत होतो. टक नव्हतं. लांबून फक्त त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ब्रेक का दाबलास?"

"तू फार जवळून घेतेस."

"मला शिकवतोस, छोट्या?"

गुरुवारी पासिंगला तिघंही गेलो. तपासणाऱ्याने गाडी उतारावरून नेली, कान टवकारले आणि खाली वाकून बॅटरी मारली. मामा माझ्या शेजारी उगाच फडक्याला हात पुसत उभा होता. "बाई, ही कुठेतरी कुरकुरते," तपासणारा म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली. "दांडा घट्ट धरलाय, त्याची कुरकुर आहे. बघा, पांढरी रेघ आहे तिथे. सरकलाय का?"

त्याने पुन्हा वाकून बघितलं. "नाही."

"मग लिहा तसं."

त्याने शिक्का मारला.

काचेच्या वर्कशॉपवरून परतताना मावशीने मुद्दाम वेग कमी केला. सोफ्यावर दोन माणसं बसली होती, पांढऱ्या डगल्यातला एक जण काचेतून रस्त्याकडे बघत होता. मावशी म्हणाली, "सोफा बरा दिसतोय." मामा म्हणाला, "आणतो एक. पण तू बसशील का त्यावर? तू तर खड्ड्याच्या काठावर उभी राहून सूचना देणारी." तेवढ्यात गाडी गतिरोधकावरून उतरली, कुर्र, आणि दोघांनीही एकदमच ऐकलं नाही असं दाखवलं.

आता याला दीड महिना झाला. मैदानात दिवसाआड बाजू बदलते. मला दोन्हीकडे वळता येतं, पोस्टमननाही, फक्त हात अजून बाहेर जातो. मामाने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं, ज्यांच्या रॉडला कडं नाही त्यांचे बुश काढून, धुवून, कोरडे बसवून दिले. काहींना गाडीला आलेला बारीक आवाज आवडला नाही. सासूवालं गिऱ्हाईक मात्र खूश झालं.

परवा मावशी तेल बदलायला आली. दोन छोटे हॉर्न व्हायच्या आधी, गल्लीच्या तोंडाशी उखडलेल्या रस्त्यावर गाडीचं पुढचं चाक उतरलं आणि लांबून ते ऐकू आलं. कुर्र. मामा एका दुसऱ्या गाडीखाली होता. बाहेर न येताच तो आत ओरडला, "चहा टाक गं, ताई आली."

"हॉर्न कुठे झालाय अजून?" मामी म्हणाली, पण तिने पातेलं आधीच ठेवलं होतं.

मावशी गाडी खड्ड्यावर घेऊन उतरली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. पायपुसण्यावर पाय पुसायला विसरली, मामी म्हणाली, "वन्सं!", आणि आत दोघींचं काहीतरी सुरू झालं. मामा खाली उतरला. बॅटरी मारली. मीही वाकले. पांढरी रेघ बुशाच्या कडेला, जिथे काढली होती तिथेच. दुसऱ्या बाजूचीही. त्याने अंगठ्याने तिच्यावरची धूळ पुसली, मग पुसायला नको होती असं वाटून थांबला.

वर आल्यावर त्याने खिळ्यावरून बुधली काढली. मी बघत राहिले. तो गाडीपाशी गेला नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला त्याने दोन थेंब सोडले, दार एकदा पुढे, एकदा मागे केलं.

"ते वाजत नव्हतं," मामी आतून म्हणाली.

"माहीत आहे," मामा म्हणाला, आणि बुधली परत टांगून हात धुवायला गेला.